परदेशातून आणायचे प्राणी: काय घ्यावं, काय दुकानातच सोडून यावं

प्रश्न असा आला आहे: सप्टेंबरअखेर आम्ही चौघं जपानला जातोय आणि पुढच्या उन्हाळ्यात युरोपला. फ्रिजवर मॅग्नेट लावायला आता जागा नाही. मुलगी म्हणते, यावेळी प्रत्येक ठिकाणाहून एकेक विचित्र प्राणी आणायचा. मांजर, कोंबडा, अस्वल, काहीही चालेल. काय घ्यावं, अस्सल कसं ओळखावं आणि कस्टमवाले अडवणार नाहीत ना?

मुलीची कल्पना मला मनापासून आवडली. टूर मॅनेजर म्हणून माझी उमेदीची सगळी वर्षं बसच्या पुढच्या सीटवर आणि बॅगेज बेल्टच्या कडेला गेली. परतीच्या दिवशी लोकांच्या बॅगांतून काय काय निघतं, ते मी बघत आलोय. आयफेल टॉवरचं किचेन सहा महिन्यांत ड्रॉवरच्या तळाला जातं. पण दारूची बाटली हातात धरलेला ढेरपोट्या मातीचा प्राणी शोकेसमध्ये बसला की येणारा प्रत्येक जण विचारतो, "हे काय आणलंत?" तेवढ्यासाठी तो खर्च मला रास्त वाटतो.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो. तिथे गफलत झाली तर वस्तू जातेच, वर कायद्याचं लचांड मागे लागू शकतं.

प्राण्याच्या आकाराच्या वस्तू हव्या तेवढ्या आणा. प्राण्याच्या अंगापासून केलेली वस्तू मात्र दुकानातच राहू द्या. वन्य प्राणी आणि वनस्पतींच्या व्यापारावर 'साइटीस' नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे. तो १९७३ साली झाला आणि भारत १९७६ पासून त्यात आहे. आपला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. २०२२ च्या दुरुस्तीने साइटीसच्या याद्या या कायद्यात आल्या आणि १ एप्रिल २०२३ पासून ती दुरुस्ती लागू झाली. म्हणजे परदेशातल्या बाजारात उघड्यावर विकली जाणारी वस्तू मुंबईत उतरल्यावर गुन्ह्याचा पुरावा ठरू शकते.

व्हिएतनाममध्ये बाटलीत नाग घातलेली दारू मिळते. फणा काढलेला, तोंडात विंचू धरलेला. मित्रांना दाखवायला भारी वाटते आणि दर ग्रुपमध्ये एखाद्याला तिचा मोह होतोच. त्यातला नाग साइटीसच्या यादीत आहे. बालीत आणि मलेशियात काचेच्या चौकटीत टाचलेली मोठी फुलपाखरं मिळतात, त्यांत बर्डविंग जातीची बरीच असतात. आंबोलीच्या जंगलात दिसणारं सदर्न बर्डविंग त्यांचंच भाऊबंद. त्यांच्या व्यापारालाही परवाना लागतो. थायलंडमध्ये हत्तीच्या शेपटीच्या केसाची अंगठी समोर येते. आपल्याकडेही शुभ म्हणून अशी अंगठी घालणारे लोक आहेत, त्यामुळे ती बघून कुणाला वावगं वाटत नाही. आशियाई हत्ती सर्वांत कडक यादीत आहे. त्याचा दात काय नि केस काय, कायद्याला सारखाच. वाळवलेला समुद्रघोडा, मगरीच्या कातड्याचं पाकीट, कासवाच्या पाठीची फणी, प्रवाळाचा तुकडा, हे सगळं याच रांगेतलं. मालदीवमधून तर प्रवाळ बाहेर न्यायलाच बंदी आहे. किनाऱ्यावर सापडलं, विकत घेतलं नाही, हे सांगून सुटका होत नाही.

दुकानदार हसून एक कागद देतो आणि 'सर्टिफिकेट' म्हणून सांगतो. तो दुकानाचा कागद असतो. खरा परवाना त्या देशाचं सरकारी खातं देतं, त्यावर प्राण्याचं शास्त्रीय नाव असतं, आणि इथे उतरल्यावर तो दाखवावा लागतो. आठ दिवसांच्या टूरमध्ये कुणी हे करत बसत नाही, करूही नये.

कायद्यात बसतं पण मला पटत नाही अशी एक वस्तू सांगतो: बालीतली लुवाक कॉफी. तिथल्या उदमांजराने कॉफीची फळं खायची, त्याच्या विष्ठेतून निघालेल्या बिया धुऊन भाजायच्या आणि सोन्याच्या भावाने विकायच्या. कोकणात माळ्यावर धुडगूस घालणाऱ्या उदमांजराचं हे सख्खं कुळ. पूर्वी या बिया रानातून वेचत. आता बहुतेक ठिकाणी हा निशाचर प्राणी भर उजेडात पिंजऱ्यात कोंडलेला असतो, पर्यटकांनी फोटो काढावेत म्हणून. डब्यावर 'वाइल्ड' लिहिलेलं असतं, पण ते तपासणार कोण? माझ्या ग्रुपला मी तिथे उतरवत नाही.

उलट न्यूझीलंडमध्ये पॉसम नावाच्या केसाळ प्राण्याची लव आणि मेरिनो लोकर मिसळून केलेले मोजे मिळतात, ते बिनधास्त घ्या. हा पॉसम ऑस्ट्रेलियातून १८३७ मध्ये फरच्या धंद्यासाठी तिथे आणला गेला आणि त्याने जंगलांची आणि पक्ष्यांची धूळधाण केली. सरकारच त्याला संपवायच्या मागे आहे. वरच्या नियमाला मी सोडलेला हा एकच अपवाद. मोजे उबदार असतात, महाबळेश्वरला डिसेंबरात घालायला उत्तम.

आता जपान. विचित्र प्राण्यांच्या बाबतीत जगात दुसरा असा देश नाही.

पंजा वर करून बसलेलं मांजर, मानेकी-नेको, तुम्ही मुंबईतल्या चायनीज हॉटेलांच्या गल्ल्यावरही पाहिलं असेल. सोनेरी, प्लॅस्टिकचं, हात हलवत राहणारं. ते बहुतेक चिनी असतं. आवडलं तर घ्या, पण ते आणायला टोकियोला जायची गरज नाही. जपानी मांजर मातीचं असतं आणि ते हात हलवत नाही. त्याचा तळवा पुढे, बोटं खाली. पाश्चात्त्य पाहुण्यांना ते 'टाटा' करतंय असं वाटतं. आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. गल्लीतल्या पोराला आपण हाक मारतो तेव्हा हात असाच हलतो. उजवा पंजा वर असेल तर पैसा येतो, डावा असेल तर गिऱ्हाईक, अशी समजूत आहे. काळं मांजर पीडा दूर ठेवतं म्हणतात. आपल्याकडे आडवं गेल्यावर पाऊल मागे घ्यायला लावणाऱ्या काळ्या मांजराला तिथे दारावर राखणीला बसवतात! सासरी भेट द्यायची असेल तर मात्र पांढरं घ्या, उगाच वाद नको.

टोकियोत सेतागाया भागात गोतोकुजी नावाचं बौद्ध मंदिर आहे. सतराव्या शतकातली गोष्ट सांगतात ती अशी: हिकोनेचा सरदार ई नाओताका तिथून चालला होता. मंदिरातल्या मांजराने पंजा हलवून त्याला आत बोलावलं, तो आत गेला आणि बाहेर विजांचा कडकडाट सुरू झाला. पुढे त्या सरदार घराण्याने या मंदिराला आश्रय दिला. आज तिथे भाविकांनी वाहिलेल्या पांढऱ्या मांजरांच्या रांगाच रांगा आहेत. सगळ्यांचा उजवा पंजा वर, हातात नाणं नाही. मंदिराच्या कार्यालयात ती लहानमोठ्या आकारांत मिळतात. नवस पुरा झाला की आणून ठेवतात, पण घरी नेलं तरी चालतं. आसाकुसातलं इमादो देऊळही मांजर आपल्याकडचंच म्हणून दावा सांगतं. आपल्याकडच्या देवळांत असे वाद कमी आहेत का? दोन्ही बघा, निवाडा करायला जाऊ नका. ओदाक्यू लाइनवर गोतोकुजी नावाचंच स्टेशन आहे, तिथून मंदिर चालत गाठता येतं.

पण घरी नेण्यासाठी मांजर घ्यायचं तर माझी पसंती तोकोनामेला. हे आइची प्रांतातलं कुंभारांचं जुनं गाव, नागोयाच्या विमानतळाला अगदी लागून. तिथे विटांच्या धुरांड्यांमधून फिरणारी पायवाट आहे, भिंतींत मातीच्या नळ्या चिणलेल्या आहेत, आणि एका कठड्यावरून मांजराचं अवाढव्य डोकं खाली बघत असतं. डोळे टपोरे, अंग गुबगुबीत, डोकं जवळजवळ धडाएवढं आणि पोटाशी सोन्याचं नाणं, हे तोकोनामेच्या मांजराचं रूप. आज दुकानांत दिसणाऱ्या बहुतेक मांजरांनी हेच रूप उचललंय.

अस्सल ओळखायचं तर मांजर उलटं करा. दुकानदाराला आधी हाताने खूण करून विचारा, तो सहसा मान डोलावतो. तळाशी झिलई नसलेली कच्ची माती दिसली पाहिजे आणि आतून पोकळ मांजराला एक छोटं भोक असतं, भट्टीत हवा बाहेर जावी म्हणून. बोट फिरवलं की कड किंचित खरखरीत लागते. मग मिशा बघा. कुंचल्याने काढलेली मिशी सुरुवातीला जाड आणि टोकाला बारीक होत जाते, डावी-उजवी हुबेहूब सारखी नसते. छापलेली मिशी शेवटपर्यंत एकाच जाडीची. साच्यातून काढलेलं मांजर म्हणजे नकली, असं समजू नका. तोकोनामेतली मांजरंही साच्यातूनच निघतात, माणसाचा हात लागतो तो रंगकामात. दोन सारखी मांजरं शेजारी ठेवून मुलीला फरक शोधायला सांगा. चेहऱ्यावरचे भाव वेगळे निघाले तर त्यातलं आवडेल ते उचला.

क्योतोला जाणार असाल आणि एक दिवस हाताशी असेल तर शिगाराकी. शिगा प्रांतातलं हेही कुंभारांचंच गाव. इथला राजा म्हणजे तानुकी. हा कोल्ह्या-कुत्र्याच्या कुळातला खराखुरा जपानी प्राणी, पण लोककथांमध्ये रूप बदलून माणसांना गंडवणारा. मातीचा तानुकी डोक्यावर गवती टोपी घालतो, एका हातात साकेची, म्हणजे तांदळाच्या दारूची, बाटली आणि दुसऱ्या हातात उधारीची वही धरतो, आणि त्याचे अंडकोष जमिनीला टेकलेले असतात. होय, मी तेच म्हणतोय. ते भरभराटीचं लक्षण मानतात आणि त्यात तिथे कुणाला संकोच वाटत नाही. १९५१ मध्ये सम्राट हिरोहितो शिगाराकीला आले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्या स्वागताला रस्त्याच्या कडेने तानुकी उभे केले, हातात झेंडे देऊन. त्यानंतर हा प्राणी देशभर माहीत झाला. आमच्या बसमधल्या मावश्या आधी तोंडाला पदर लावतात आणि निघताना पिशवीत दोन-दोन घेऊन येतात. तळहातावर मावेल असा घ्या. दारात उभा करायचा कमरेइतका तानुकी बघायला छान, पण तो विमानात तुम्हाला परवडायचा नाही.

फुकुशिमातल्या आइझूची लाल गाय, अकाबेको, कागदाच्या लगद्याची असते. मुंडकं आत दोऱ्याने टांगलेलं, बोट लावलं की डुलत राहतं. देवीच्या रोगापासून मुलांना राखते अशी तिची ख्याती होती. वजन जवळपास नाही, फुटायची भीती नाही, टोकियोतही मिळते. ऑफिसातल्या सगळ्यांना काहीतरी द्यायचं असेल तर याहून सोयीचं काही नाही.

होक्काइदोच्या लाकडी अस्वलाची हकिगत जरा निराळी आहे. तोंडात सामन मासा धरलेलं हे अस्वल एकेकाळी जपानी घरांत सर्रास दिसे. ओवारी या जुन्या सरदार घराण्याचे तोकुगावा योशिचिका १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात फिरायला गेले. स्वित्झर्लंडमध्ये त्यांना कोरलेलं लाकडी अस्वल दिसलं आणि ते त्यांनी विकत घेतलं. होक्काइदोत याकुमो इथे त्यांची शेती होती. बर्फाच्या दिवसांत तिथल्या शेतकऱ्यांच्या हाताला काम नसायचं. तोकुगावांनी ते अस्वल त्यांच्यापुढे ठेवलं आणि म्हटलं, असं कोरून बघा. १९२४ मध्ये तिथलं पहिलं अस्वल तयार झालं. आसाहिकावाकडच्या आयनू, म्हणजे होक्काइदोच्या मूळ रहिवासी, कारागिरांनीही अस्वलं कोरली, आणि आयनूंचं अस्वलाशी नातं तर फार जुनं, धार्मिक. सुट्टीत आणलेल्या एका वस्तूवर एका गावाचा धंदा उभा राहिला, म्हणून दुकानात ते अस्वल दिसलं की मी हटकून ग्रुपला थांबवतो.

मूळ स्विस अस्वलं ब्रिएंझची, इंटरलाकेनच्या शेजारची. तुमच्या युरोप टूरमध्ये इंटरलाकेन असणारच. तिथे लाकूडकाम बघायला वेळ काढा. गायीच्या गळ्यातली घंटा घेणार असाल तर वाजवून घ्या. खऱ्या घंटा दोन तऱ्हेच्या: कांस्याच्या ओतीव, गोड आणि लांब घुमणाऱ्या, आणि ठोकलेल्या पत्र्याच्या, बद्द आवाजाच्या. पत्र्याचा आवाज बद्द म्हणून ती वाईट नव्हे, डोंगरावर तोच लांबवर ओळखू येतो. रंगीत फुलं चिकटवलेल्या टिनच्या घंटेला मात्र दोन्ही आवाज नसतात. बैलांच्या घुंगुरमाळा ऐकून वाढलेल्या माणसाच्या कानाला फरक लगेच कळतो.

जर्मनीत ब्लॅक फॉरेस्टमध्ये टिटिझेला बस थांबली की निम्मा ग्रुप कुकू क्लॉकच्या दुकानात शिरतो. घड्याळ घ्यायचं असेल तर काही गोष्टी माहीत असू द्या. बॅटरीवरचं घड्याळ पक्ष्याचा रेकॉर्ड केलेला आवाज वाजवतं आणि खालची शंकूच्या आकाराची वजनं निव्वळ शोभेची असतात. यांत्रिक घड्याळात ती वजनंच घड्याळ चालवतात. आत दोन छोटे भाते असतात, ते दोन शिट्यांमध्ये हवा सोडतात. एकीतून वरचा सूर, दुसरीतून खालचा. दार उघडून कोणी दाखवलं तर मुलीला जरूर बघू द्या. तिथल्या घड्याळवाल्यांच्या संघाचं 'व्हीडीएस' नावाचं प्रमाणपत्र असतं; यंत्र आणि लाकूडकाम ब्लॅक फॉरेस्टमध्येच झालंय याची ती खूण. एक दिवसाच्या घड्याळाची साखळी रोज ओढावी लागते, आठ दिवसांच्याची आठवड्यातून एकदा. आठ दिवसांचं महाग आणि जड. रात्री पक्ष्याला गप्प करायची कळ आहे का ते विचारून घ्या. टू बीएचकेमध्ये ती नसेल तर तिसऱ्या दिवशी घड्याळ भिंतीवरून खाली येतं.

आणताना दुकानदाराने लावलेलं काही काढू नका. भात्यांवर कागदी चिमटे असतात, साखळ्या तारेने बांधलेल्या असतात, दाराला आकडी असते, सगळं तसंच राहू द्या. वजनं काढून चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून. केबिन बॅगेत ती ओतीव लोखंडाची शंकू निघाली की सिक्युरिटीवाले तुम्हाला बाजूला घेणार. घरी टांगलं की चिमटे आणि तारा आठवणीने काढा. 'पक्षी ओरडतच नाही' असे जे फोन मला येतात, त्यांत बहुतेकांच्या भात्यांवर चिमटे तसेच असतात. नंतर कान लावून ऐका: टिक आणि टॉकमधलं अंतर सारखं हवं. लंगडत असेल तर घड्याळाचा खालचा भाग डावी-उजवीकडे किंचित सरकवा. मागे पडत असेल तर लंबकावरचं पान थोडं वर करा, पुढे पळत असेल तर खाली.

इथेच टॅक्स परताव्याचं सांगून टाकतो. जर्मनीत एका बिलात ५० युरोंच्या वर खरेदी झाली तर फॉर्म मिळतो. त्यावर युरोपियन युनियन सोडताना कस्टमचा शिक्का लागतो, आणि स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. परतीचं विमान रोम किंवा पॅरिसहून असेल तर शिक्का त्या विमानतळावर, बॅग चेक-इन करण्याआधी, वस्तू दाखवून. विमान झुरिकहून असेल तर मात्र शिक्का जर्मन-स्विस सीमेवरच घ्यावा लागतो, बस थांबवून. टूर मॅनेजरला आदल्या दिवशीच सांगून ठेवा. झुरिकला पोहोचल्यावर फॉर्म दाखवणारे लोक मी पाहिलेत, त्यांना मी चहा पाजण्यापलीकडे काही करू शकलो नाही.

व्हेनिसला काचेचे प्राणी घ्याल. पाच युरोंना मिळणारा काचेचा मासा मुरानो बेटावरचा नसतो, मग दुकानदार काहीही म्हणो. 'वेत्रो आर्तिस्तिको मुरानो' हे सरकारमान्य चिन्ह असलेलं दुकान बघा. आणि फार बारीक पायांचा घोडा घेऊ नका, तो व्हेनिसच्या पुलांच्या पायऱ्यांवरच लंगडा होतो.

पोर्तुगाल सहसा आपल्या टूरमध्ये नसतो. तुमच्यात असेल तर उत्तरेकडचं बार्सेलुश गाठा, शक्यतो गुरुवारी, कारण त्या दिवशी तिथे आठवडी बाजार भरतो. काळ्या अंगाचा, लाल तुऱ्याचा, अंगभर पत्त्यांतल्यासारखे बदाम आणि ठिपके असलेला मातीचा कोंबडा इथला. सांतियागोच्या यात्रेला निघालेल्या एका वाटसरूवर चोरीचा आळ आला आणि त्याला फाशी सुनावली. तो म्हणाला, मी निर्दोष असेन तर न्यायाधीशाच्या ताटातला हा भाजलेला कोंबडा आरवेल. तो आरवला. गोष्ट जुनी, पण त्या कोंबड्याला साऱ्या देशाची ओळख बनवलं ते १९३० च्या दशकापासून हुकूमशहा सालाझारच्या राजवटीच्या प्रचारखात्याने. गोव्यातल्या जुन्या घरांच्या छपरांवर मातीचे कोंबडे दिसतात आणि पणजीच्या दुकानांत बार्सेलुशच्या धर्तीचे रंगीत कोंबडेही मिळतात. त्यामुळे घरी आणल्यावर कुणीतरी 'हा तर पणजीत मिळतो' म्हणणारच. त्यापेक्षा मातीच्या चिमणीएवढ्या पाकोळ्या घ्या, भिंतीवर लावायच्या. काल्दाश दा राइन्या गावात राफाएल बोर्दालु पिन्येरु या व्यंगचित्रकाराने १८८४ मध्ये मातकामाचा कारखाना काढला, त्यांच्या या पाकोळ्या. हा पक्षी दर वर्षी जुन्याच घरट्यात परततो, म्हणून परदेशी गेलेल्या पोर्तुगीज माणसाच्या भिंतीवर त्या असतातच. लंडनला किंवा न्यू जर्सीला राहणाऱ्या भावाला याहून चांगली भेट सुचणार नाही.

स्वीडनचा लाल लाकडी घोडा नुस्नेस गावात अजून हाताने रंगवतात. जवळून पाहिलंत तर एकाच कुंचल्यावर दोन रंग घेऊन मारलेले फटकारे दिसतात. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनाने तो जगभर नेला. आता अनेक देशांत त्याची नक्कल होते, तेव्हा पोटाखालचं लेबल वाचा.

पुढे कधी केनियाला गेलात तर लाकडी जिराफ बघताना ओला टिश्यू जवळ ठेवा. 'एबनी आहे' म्हणून विकलेलं बरंचसं लाकूड बूट पॉलिशने काळं केलेलं असतं. टिश्यू घासला की रंग हाताला येतो. तिथलं अस्सल काळं लाकूड, म्पिंगो, आपल्या शिसवाच्या कुळातला, इतका जड की पाण्यात बुडतो. किसी भागातल्या मऊ दगडाचे पाणघोडे स्वस्त आणि सुंदर असतात. आणि किनाऱ्यावर वाहून आलेल्या रबरी चपला गोळा करून त्यांचे रंगीत हत्ती-जिराफ करणारी ओशन सोल नावाची संस्था नैरोबीत आहे. ते हत्ती फुटत नाहीत, मोडत नाहीत, धुता येतात. लहान मुलांच्या घरात याहून चांगलं काय हवं? २०१७ पासून केनियात प्लॅस्टिकच्या कॅरी बॅगांना कडक बंदी आहे, इथून जाताना त्या बॅगेत भरून नेऊ नका.

लाकडाच्या कुठल्याही वस्तूवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं आहेत का बघा आणि पांढऱ्या कागदावर आपटा. भुकटी पडली तर आत किडा जिवंत आहे, परत ठेवा. साल, गवत, पिसं, बिया लावलेली वस्तूही टाळा. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये उतरायचं असेल तर लाकडाचं काहीही फॉर्मवर लिहून द्या. लिहून दिलेली वस्तू बहुधा बघून परत देतात, लपवलेल्या वस्तूला दंड पडतो.

मातीच्या वस्तूंसाठी बबल रॅप लागतोच असं नाही. पोकळ वस्तूच्या बाहेर आलेल्या भागांभोवती, म्हणजे पंजा, कान, टोपी, आधी मोजे गुंडाळा, मग पूर्ण वस्तू सुती ओढणीत, आणि बॅगेच्या मधोमध, सगळीकडून कपडे येतील अशी. कडेला ठेवलेली वस्तू बेल्टवर आपटूनच फुटते. जे फुटलं तर जीव हळहळेल, ते हातात न्या. बिलं एका पाकिटात ठेवा. आपल्या कस्टमने किंमत विचारली तर तोंडी सांगितलेल्या आकड्याला अर्थ नसतो.

तुमच्या जपानच्या तारखा थोड्या हलवता येत असतील तर २९ सप्टेंबरच्या आसपास नागोयाजवळ राहा. तो मानेकी-नेको दिवस आहे. त्या सुमाराला इसेच्या देवळाबाहेरच्या जुन्या धाटणीच्या बाजारात आणि सेतो गावात मांजरांचा उत्सव भरतो. सेतो नागोयाच्या साकाएमाची स्टेशनवरून पाऊण तासाच्या आत. तिथे मांजरांचं एक संग्रहालय आहे आणि उत्सवात मुलांच्या तोंडावर मिशा रंगवून देतात. नेमक्या तारखा निघण्याआधी बघून घ्या, त्या दर वर्षी थोड्या बदलतात. छोट्या मांजराला हजार-दीड हजार येनपासून पुढे पडतील. रस्त्यावरच्या स्टॉलवर कार्ड चालेलच असं नाही, म्हणून रोख येन जवळ ठेवा. आणि घासाघीस करू नका. जपानमध्ये तशी रीत नाही, कुंभार कसनुसा होतो आणि भाव तोच राहतो.